कमळाला घातलं डीएपी आणि मासे गेले. आता खत घालू तरी कसं?

वडगावकरीण

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला राहते. आमच्या परड्यात सिमेंटचा एक हौद आहे. सहा फूट बाय चार फूट, पाणी दोन फूट राहतं. पूर्वी घरात माग होते तेव्हा रंगवलेल्या सुताच्या लडी त्यात धुवायचे. माग विकून बरीच वर्षं झाली, हौद तेवढा राहिला. एका कोपऱ्यात निळ्या रंगाचा डाग आहे, कितीही घासला तरी जात नाही. सासूबाई म्हणतात, राहू दे तो.

दोन वर्षांपूर्वी त्यात दोन टब सोडले. एकात कमळ, एकात ती पाण्यावर पान टेकवणारी लिली. चौदा गोल्डफिश घातले. डासांच्या अळ्यांसाठी आरोग्य खात्याच्या बाईंनी दिलेले गप्पी आधीपासून होतेच. पहिल्या वर्षी कमळाला सात फुलं आली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला घरचं कमळ! गल्लीतल्या बायका बघायला आल्या होत्या.

यंदा मात्र पानं बशीएवढीसुद्धा होईनात. पिवळी पडून कडेनं करपू लागली. बाजारात खताच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "कमळ म्हणजे खादाड, डीएपी घाला." अर्धा किलो आणलं. शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही टबांवर एकेक मूठ टाकली. वरूनच, पाण्यातून. शनिवारी काही नाही. रविवारी दुपारी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, काही आडवे पडले. संध्याकाळपर्यंत अकरा गेले. तीन बादलीत काढले ते जगलेत. गप्पी थोडे आहेत अजून.

आमचे हे म्हणतात, कमळ ठेव नाहीतर मासे ठेव, दोन्ही कशाला करूलालीस? खरं मला दोन्ही पाहिजेत. कमळाला खायला घालायचं आणि मासेही जगवायचे, असं कोणी करतं का? नीट सांगा. रागावलात तरी चालेल, मला आधीच लई वाईट वाटलंय.

टिळकवाडी_गच्ची

ताई, रासायनिक खतं पाण्यात घालायचीच नाहीत. सेंद्रिय वापरा. मी गच्चीवरच्या सगळ्या कुंड्यांना निंबोळी पेंड आणि ओलं शेण घालतो, झाडं एकदम टवटवीत. हौदातही दोन-तीन मुठी पेंड टाका, कीडसुद्धा लागणार नाही.

येळ्ळूरचा_भातवाला

गच्चीवाले दादा, तुमची गच्ची झकास असेल, खरं तिथं मासे नाहीत. ताई, कृपा करून पेंड टाकू नका. आधी माझ्या चार प्रश्नांची उत्तरं द्या.

मासे वर आले ते नक्की किती वाजता? पहाटे की दुपारी?
टबात माती कुठली?
पाण्याचा रंग कसा होता, हिरवा की स्वच्छ?
आणि या वर्षात हौदाला काही काम केलंत का? रंग, सिमेंट, धुणं, काहीही.

शेवटचा प्रश्न विसरू नका.

वडगावकरीण

दादा, दुपारी तीन-साडेतीन. मी चहा ठेवायला उठले तेव्हा दिसलं. पहाटे सासूबाई फुलं काढायला परड्यात गेल्या होत्या, तेव्हा मासे नेहमीसारखे फिरत होते म्हणाल्या.

माती नर्सरीतलं तयार मिश्रण, काळं भुसभुशीत. त्यातलं निम्मं वर तरंगून आलं, ते गाळून काढलं.

पाणी थोडं हिरवं, टबाचा काठ दिसत होता.

आणि हो, गुढीपाडव्यानंतर काम केलं होतं. हौदाला चीर गेली होती, गवंड्याला बोलावून आतून सिमेंट मारून घेतलं. त्याच वेळी ब्लीचिंग पावडर घालून सगळा हौद घासला, चार दिवस वाळवला, मग पाणी भरलं. आठवड्यानं पिंपातले मासे परत सोडले. तेव्हा काही झालं नव्हतं हो. दीड महिना बरे होते की.

येळ्ळूरचा_भातवाला

मिळालं. ताई, डीएपी हा निम्मा गुन्हेगार. दुसरा निम्मा तुमचा गवंडी, आणि थोडी ती ब्लीचिंग पावडर.

हिशेब करून दाखवतो. मी भात करणारा माणूस, आमच्याकडं सगळं पोत्याच्या आकड्यांवर चालतं. तुमचा हौद म्हणजे 48 घनफूट, सुमारे 1350 लिटर. टबांची जागा सोडा, 1300 धरू. दोन मुठी डीएपी मिळून 100 ग्रॅम तरी असेल. डीएपीच्या पोत्यावर 18-46 लिहिलेलं असतं. त्यातले 18 म्हणजे नायट्रोजन, आणि तो सगळा अमोनियाच्या रूपात. म्हणजे 18 ग्रॅम. सगळं विरघळलं असं धरलं तर लिटरमागे 14 मिलिग्रॅमच्या आसपास.

आता अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक माशाला फारसं काही करत नाही. दुसरं कल्ल्यांतून थेट रक्तात शिरतं, तेच मारतं. कुठलं किती, ते पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी आम्ल की अल्क त्याच्या मापावर ठरतं. 25 अंश पाण्यात पीएच 7 असेल तर विषारी रूप शंभरात अर्ध्या भागाच्या जरा वर. पीएच 8 ला पाच भाग. पीएच 9 ला शंभरात छत्तीस. पाणी जितकं कोमट तितकं हे अजून वाढतं. म्हणून तेच 14 मिलिग्रॅम 7 पीएचच्या पाण्यात 0.08 मिलिग्रॅम विष देतं, मासे हैराण होतील खरं तग धरतील. 9 च्या पाण्यात तेच पाच मिलिग्रॅम होतं. त्यात कुठला मासा राहील?

तुमचं पाणी 9 ला कसं गेलं असेल, तर नवं सिमेंट. ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा पीएच चढतो. नवा हौद म्हणूनच पाणी भरून, आठवड्यानं ओतून, पुन्हा भरून, असा तीन-चार वेळा मुरवायचा असतो. तुम्ही एकदाच भरलात. त्यावर उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून पीएच दुपारी सगळ्यात वर असतो. मासे तीन वाजता आडवे पडले म्हणालात तिथंच मला शंका आली. ऑक्सिजन कमी पडला असता तर पहाटे वर आले असते. रात्रभर झाडं, शेवाळ, मासे सगळेच श्वास घेतात, बनवणारं कोणी नसतं, म्हणून ऑक्सिजन पहाटे तळाला जातो.

आणि ब्लीचिंग. हौदाच्या भिंतीवर जो बुळबुळीत थर असतो ना, ज्याला आपण घाण म्हणून घासतो, त्यात अमोनिया खाणारे जीवाणू राहतात. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. ते तुम्ही साफ केलेत. नवे यायला वेळ लागतो. तोवर वर दोन मुठी.

पीएचचे कागद मिळतात, रंग डबीवरच्या पट्टीशी ताडून बघायचा. सकाळी एकदा आणि दुपारी तीनला एकदा बघा, आणि इथं लिहा. तोवर मासे बादलीतच ठेवा, खायला घालू नका.

खानापूर_घाटाखाली

येळ्ळूरकर बरोबर सांगूलालेत. मी फक्त पेंडीबद्दल बोलतो, कारण वर कोणीतरी ती सहज सुचवलीय.

ताई, पेंड म्हणजे सगळी सारखी नसते. आमच्या तळ्यात माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, सोडायच्या आधी जुने शिकारी मासे, मरळ वगैरे मारायला मोहाची पेंड वापरतात. हेक्टरी अडीच हजार किलो, एक मीटर पाण्याला. त्यातलं सॅपोनिन माशाच्या रक्तपेशी फोडतं. पेंड टाकून दोन आठवड्यांच्या वर वाट बघावी लागते, मग बीज. निंबोळी तेवढी जहाल नाही, खरं माशांना आणि विशेषतः पिल्लांना ती चांगली नाहीच. दुकानदार कधी कुठली पेंड कुठल्या पोत्यात भरेल त्याचा नेम नाही. माशांच्या पाण्याला पेंड नको, एवढं लक्षात ठेवा.

शेणाचं म्हणाल, तर मी स्वतः कटला-रोहूच्या तळ्यात शेण आणि थोडा युरिया घालतो. लोक म्हणतात, तुम्ही घालता तर हौदात का नाही? अहो, एक एकर तळं, दीड मीटर पाणी, म्हणजे साठ लाख लिटर. त्यात 10 किलो युरिया टाकला तरी नायट्रोजन लिटरमागे पाऊण मिलिग्रॅम. ताईंच्या दोन मुठींनी हौदात चौदा झालं. आणि मी घालतो ते कमळासाठी नाही, पाणी हिरवं व्हावं, त्यातलं बारीक जिवाणं मासे खावेत म्हणून. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून तळवा दिसेनासा झाला की आम्ही खत बंद करतो. ताईंना हिरवं पाणी नकोच आहे.

टिळकवाडी_गच्ची

मान्य. मासे नाहीत माझ्याकडे, म्हणून तो विचारच केला नव्हता. ताई, माफ करा. बरं एक विचारतो, शेवाळ झालं तर मोरचूद चालेल का?

खानापूर_घाटाखाली

नाही हो! तांबं. मासे, गोगलगायी, सगळं जातं, आणि शेवाळ मेल्यावर कुजून ऑक्सिजन खातं ते वेगळंच. तुमचा हात सगळ्या डब्यांत जातोय दादा.

वडगावकरीण

दादा, भाच्यानं कॉलेजातून पीएचचे कागद आणून दिले. सकाळी सात वाजता साडेआठ. दुपारी तीनला कागद निळा झाला, डबीवरचा 9 चा रंग त्याहून फिका दिसतोय. नळाचं पाणी, राकसकोप धरणाचं, पिंपात ठेवलेलं, ते साडेसात.

म्हणजे तुम्ही न बघता सांगितलं ते खरं. गवंड्याला काय बोलणार, त्यानं चीर बुजवली, त्याचं काम चांगलंच केलं. मीच विचारलं नाही.

आता सांगा, हौद मुरवायचा तर कमळ कुठं ठेवू? आणि खत?

येळ्ळूरचा_भातवाला

कमळाचा टब तसाच उचलून अंगणात उन्हात ठेवा, वर चार बोटं पाणी राहू द्या. कमळाला हौद लागतोच असं नाही, टबातही ते सुखात राहतं. हौद पूर्ण उपसा, नुसत्या पाण्यानं धुवा. भरा, आठवड्यानं उपसा, पुन्हा भरा. दुपारचा पीएच आठाच्या खाली आला की मग मासे. नळाचं पाणी आधी एक दिवस उन्हात उघडं ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जाईल. आणि जुन्या हौदाचा एखादा दगड, शेवाळलेला, मिळाला तर भिंतीपाशी टाका. जीवाणू तेवढ्यावरून पसरतात.

आता मूळ प्रश्न. खत झाडाला घालायचं असतं, पाण्याला नाही. आमच्या भातात जे करतात तेच सांगतो. चारसूत्री लावणीत युरिया-डीएपीच्या गोळ्या असतात, ब्रिकेट. एक गोळी 2.7 ग्रॅमची. चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मध्ये एक, चिखलात सात ते दहा सेंटीमीटर खोल हातानं दाबायची. वरच्या पाण्यात ती उतरत नाही, चिकणमाती अमोनिया धरून ठेवते आणि मुळं तिथं जाऊन खातात. त्याच वाफ्यात पावसाळ्यात चढणीचे मासे येतात, पोरं धरतात, मी कधी मेलेले बघितले नाहीत. नुसता युरिया पाण्यावर फेकणारे आमच्याकडं आहेतच, त्यांचं निम्मं खत हवेत जातं.

तेच टबात करायचं. खरं आधी माती बदला. तुमचं नर्सरीचं मिश्रण म्हणजे कोकोपीट आणि कंपोस्ट. ते तरंगतं, पाण्यात कुजतं आणि खत धरून ठेवत नाही. भाताच्या वाफ्यातली जड माती आणा, वडगावहून येळ्ळूर किती लांब आहे? नाही तर खानापूरकडची कुंभारकामाची चिकणमाती. टबाला खाली भोक नको. तळाला चांगलं कुजलेलं शेणखत दोन ओंजळी, कुजलेलंच, वासच येता कामा नये. ताजं घातलंत तर चिखलात फसफसून बुडबुडे येतील आणि मुळं काळी पडतील. त्यावर सात-आठ इंच माती, नुसती, खत न मिसळलेली. कंद आडवा, त्याचं टोक टबाच्या मध्याकडं, हात न लावता. कमळाचं टोक मोडलं की संपलं, काचेसारखं असतं ते.

खत लगेच नाही. पाण्यावरची पानं येऊन एक तरी उभं पान देठावर उभं राहिलं की मग. त्याआधी मुळंच नसतात, खत करपवतं. चौदा इंची टबाला चहाचा अर्धा चमचा डीएपी. वर्तमानपत्राच्या दुहेरी तुकड्यात बांधायचं, शेंगदाण्याची पुडी असते तशी. टबाच्या काठाला लागून, वाढतं टोक जिकडं नाही त्या बाजूला, बोट पूर्ण आत जाईल इतकी पुडी ढकलायची. बोट काढलं की भोक राहतं. ते भोक चिमूटभर चिखलानं बुजवून अंगठ्यानं दाबा. लोक हेच विसरतात. भोक उघडं राहिलं तर पुडी घातली काय आणि वरून फेकलं काय, सारखंच.

वीस-पंचवीस दिवसांनी दुसरी, वेगळ्या जागी. दिवाळीनंतर बंद. आपल्याकडं थंडीत कमळ झोपतं, झोपलेल्याला कशाला भरवायचं. लिलीलाही असंच, तिला अजून थोडं कमी.

मातीवर नदीतले गुळगुळीत गोटे पसरा, मुठीएवढे. गोल्डफिश चिखल उकरतात, ते थांबेल. आणि पुडी घातल्यावर दोन दिवस दुपारी तीनला मासे बघत जा. वर आले तर थांबायचं नाही, तिसरा हिस्सा पाणी बदलायचं.

निपाणीकर

येळ्ळूरकरांना एक विचारतो. 19:19:19 खत चालत नाही का? ते पाण्यात पटकन विरघळतं, आमच्याकडं सगळे ठिबकमधून सोडतात.

येळ्ळूरचा_भातवाला

पटकन विरघळतं म्हणूनच नको. ठिबकला गुण, हौदाला अवगुण. मासे नसलेल्या एकट्या टबात वापरत असाल तर पुडीत बांधून घाला, भोक बुजवून.

वडगावकरीण

मंडळी, थोडं उशिरा लिहितेय. हौद तीनदा उपसला. पाणी वाया जातंय म्हणून सासूबाईंनी ते सगळं नारळाला आणि केळीला घालायला लावलं, घागरीनं. तिसऱ्या वेळी दुपारचा पीएच पावणेआठ आला. तेव्हाच बादलीतले तीन सोडले, नवे अजून आणले नाहीत.

माती येळ्ळूरहून आणली, स्कूटरवर दोन पोती, पाय ठेवायला जागा नव्हती. मृगाच्या पावसात लावलं. आषाढ लागता लागता पहिलं पान उभं राहिलं, देठाला बारीक काटे असलेलं. त्या दिवशी पहिली पुडी. वर्तमानपत्र ओलं होतं म्हणून मी जुन्या पंचांगाचं पान फाडलं, तर सासूबाई धावत आल्या. पंचांग चिखलात घालतात का म्हणे. शेवटी जुन्या कालनिर्णयाच्या मागच्या बाजूचं, रेसिपीवालं पान घेतलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं, पाणी थंड आणि आतला चिखल कोमट लागला. भोक बुजवलं दादा, दोनदा दाबलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजता हौदाजवळ स्टूल टाकून बसले. तिघेही खाली गोट्यांत तोंड घालून फिरत होते. आज दुसरी पुडी गेली. पानं आता जेवणाच्या ताटाएवढी झालीत, आणि मधोमध एक कळी आलीय, सुपारीएवढी.

खरं कळीच्या देठावर गोगलगायी चढल्यात. काय टाकू?

खानापूर_घाटाखाली

काही टाकू नका ताई. रात्री बॅटरी घेऊन जा, हातानं वेचा. आणि तुम्ही हे विचारलंत ते गच्चीवाल्यांना कळू देऊ नका.